मधली घंटा

सांगलीच्या तात्याबांच्या वखारीत हळद निवडायला तीसेक बाया होत्या, आणि त्यांच्यावर मुकादम केरबा. केरबा पलटणीत राहून आलेला. वरून हुकूम आला की खाली पोचवायचा, मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही, एवढं तो तिथं शिकला होता; मुकादमकीला याहून जास्त काही लागतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

लढाईचे दिवस. माल लवकर बाहेर पडावा म्हणून तात्याबांनी नवा हुकूम काढला: सकाळची घंटा झाली की जेवणाच्या घंटेपर्यंत बाईनं जागचं उठायचं नाही, उठली तर उद्यापासून येऊ नको. बाहेर अंगणात लिंबाला झोळ्या टांगलेल्या, त्यांत बायांची अंगावरची पोरं. आजवर पोर रडलं की आई उठून पाजून यायची. आता म्हातारी बनुबाई झोके देऊन दमायची आणि पोरं रडून. आत बाया खाली मान घालून लांब हळकुंडं आणि गोल गड्डे वेगळे करायच्या आणि त्यांच्या चोळ्या भिजायच्या. केरबाला बघवत नसे. पण मालकाला सांगणार कोण? सगळ्यांचे डोळे निवडणाऱ्यांतल्या मनुबाईकडे. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भले भले वाट बदलत. पण पोट कुणाला चुकलंय? तीही मूग गिळून बसली.

मग एका सकाळी तात्याबा वखारीत डोकावले आणि बोलली ती कोपऱ्यातली चंद्राबाई. माणदेशची बाई, नवरा मुंबईला गिरणीत. तिचा आवाज केरबानं फक्त हजेरीला ऐकलेला. ती उठली नाही, कारण उठायचं नाही असा हुकूम होता. सुपातलं निवडून संपवलं, पदर सारखा केला आणि बसल्या जागेवरून म्हणाली,

"मालक, थोडं बोलायचं हाय. आत्ता बोलू का जेवणाच्या वक्ताला?"

तात्याबा चमकले. "बोल की."

"काम आमी चोख करतो. खोट असंल तर सांगा, सुधारू. पर ल्हान पोरं दुपारपातूर दुधाबिगर ऱ्हात न्हाईत. मधी एक घंटा करा. पाजून झालं की दुसऱ्या घंटेला आमी जागंवर. जेवणाच्या सुट्टीतला तेवढा येळ आमी सोडतो."

ना रडगाणं, ना भांडण. केरबा बघतच राहिला. बाहेर तिचंच पोर रडत होतं, आणि ते तात्याबांनाही ऐकू येत होतं. माणूस दुष्ट नव्हता, फक्त मालक होता.

"चंद्राबाई, तुझं काम चांगलं हाय. तू जा, पाजून ये. तुला कोण काय म्हणणार न्हाई. बाकीच्यांचं काढू नको."

पोर आता रडून रडून खोकायला लागलं होतं. तिची चोळी ओली झाली. जा गं बाई, जा, असं केरबा मनातल्या मनात म्हणत होता.

"तुमचं उपकार हायती, मालक. पर मी माझ्यापुरतं मागितलं न्हाई. सगळ्या जातील तवा मी जाईन."

आणि तिनं पुढचं सूप ओढलं. हळकुंड हळकुंडात आणि गड्डा गड्ड्यात पडत होता.

केरबानं बंदुकीपुढं छाती काढणारे गडी पाहिले होते. पण रडतं पोर ऐकत असं बसून राहणं त्यांच्यातल्या एकालाही जमलं नसतं, हे त्याला त्या क्षणी पटलं. तो दाराशी गेला आणि तिथं घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर त्यानं हातोडा हाणला. हुकमावाचून केलेलं हे त्याच्या जन्मातलं पहिलं काम.

तात्याबा गर्रकन वळले. "केरबा, कुणी सांगितलं रं तुला?"

"कुनी न्हाई, मालक. कमी करायचं तर मला करा."

बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. चंद्राबाईनं हातातलं सूप निवडून संपवलं, खाली ठेवलं आणि मगच उठली. तिच्यामागून बाकीच्या. तात्याबा पेढीवर निघून गेले. लिंबाखालचं रडणं हळूहळू थांबलं, पोरांच्या गालांवर हळदीची बोटं उमटली. दुसऱ्या घंटेला प्रत्येक बाई आपल्या जागेवर होती.

दुसऱ्या दिवशी केरबा आला तो आज नारळ मिळणार असं धरूनच. तात्याबा त्याच्याकडे बघेनात. ऊन चढलं, झोळ्यांतून कुरकुर सुरू झाली. केरबा हातोडा घेऊन दाराशी उभा राहिला, पण हात काही उचलेना. आत चंद्राबाई मान खाली घालून निवडत होती.

तेवढ्यात पेढीवरून तात्याबांचा आवाज आला, "केरबा, पोरं रडत्यात, ऐकू येत न्हाई व्हय? घंटा का केली न्हाईस रं अजून?"