कुडापलीकडे

वडिलांनी, किटबोकनी, स्वयंपाकघरातल्या भिंतीला कान लावला, मधल्या बोटाच्या पेराने हळूच टकटक केली आणि श्वास रोखून थांबले. चुलीवरून भात उतरवणाऱ्या दारिहूनच्या हातून पातेलं निसटता निसटता राहिलं.

"पा! काय चाललंय?"

"खांब शोधतोय." किटबोकनी पुन्हा ठोकलं. "इथे पोकळ वाजतं. इथेही पोकळ. आणि हा बघ, इथे भरीव. सापडला एक."

"सापडला ना? मग पुरे आता ते ठोकणं."

तिचा आवाज चढलेला ऐकून त्यांनी मागे वळून पाहिलं. दारिहूनने तोंड फिरवलं आणि उगाचच चूल फुंकायला घेतली.

हीच टकटक ती गेले कित्येक महिने ऐकत होती. भिंतीच्या पलीकडची खोली मेईची, तिच्या आईची. शेवटचं सगळं आजारपण मेईने तिथेच काढलं. पाणी हवं झालं की ती उशाशी ठेवलेल्या अडकित्त्याच्या दांडीने भिंतीवर ठोकायची, आणि पा असतील तिथून "आलो, आलो" म्हणत धावायचे. शिलाँगमधली जुनी घरं सगळी अशीच, भूकंपाच्या धाकाने हलकी बांधलेली. लाकडी खांब, मधे बोरूच्या काड्यांचा कूड, वर चुन्याचा गिलावा. पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे ऐकू यायचं.

मेई गेली. ती आता देवाघरी सुपारी खात बसली आहे, असं भेटायला आलेला प्रत्येकजण रीतीप्रमाणे म्हणाला, आणि दारिहूननेही मान हलवली. पण पहाटे टकटक यायचीच. रोज नाही, थंडी कडक पडली की हमखास. हळू, थांबून थांबून, मेईसारखीच. चुलीजवळच्या अंथरुणात दारिहून पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची आणि उजाडेपर्यंत हूं की चूं करायची नाही. एकदा मन घट्ट करून ती त्या खोलीच्या दारापर्यंत गेली होती. कडीला हात लावला मात्र, आणि ती तशीच मागे फिरली. पा पुढच्या खोलीत झोपत. त्यांना ती यातलं काही बोलली नाही. बायको गेलेल्या माणसाच्या जिवाला आणखी घोर कशाला, असं तिला वाटे.

मेई तिच्यावर रागावली आहे, याबद्दल मात्र तिला शंका नव्हती. त्यांच्यात आईचं घर धाकट्या मुलीचं, म्हणजे दारिहूनचं. घराबरोबर घरातल्या माणसांची दुखणीखुपणीही तिचीच. आणि उद्या तिचे वडील हे घर सोडून चालले होते.

त्यांनी ते जेवताना सांगितलं होतं, ताटातून नजर न उचलता. "सोहराहून बहीण बोलावतेय. जाऊन राहावं म्हणतो."

यात वावगं काहीच नव्हतं. बायको गेली की पुरुषाने आपल्या आईच्या घरी परतावं, ही रीतच. तिथे तो मामा असतो, त्याच्या शब्दाला वजन असतं. बायकोच्या घरात उभा जन्म काढला तरी तो परक्याचं लेकरू. त्याच्या माणसांकडे निघालेल्याला अडवायचं कुठल्या हक्काने? दारिहून "बरं" म्हणाली, आणि भांडी घासताना पोटभर रडली.

आणि आज सकाळी उठून त्यांनी हे कपाट काढलं होतं. मेईच्या थाळ्यावाट्यांचं, त्यांनीच केलेलं, दोघांनी मिळून कसंबसं उचलावं इतकं जड. बरोबर त्याच भिंतीवर त्यांना ते टांगायचं होतं. पांनाही ती टकटक ऐकू येते, आणि जाण्याआधी मेईचं तोंड बंद करावं म्हणून ते हे करताहेत, असं दारिहूनच्या मनाने घेतलं.

"मेई जन्मभर मागे लागली होती, कपाट वर टांगा म्हणून," ती म्हणाली. "तेव्हा म्हणायचात, हा कूड काय पेलणार."

"नाहीच पेलत. नुसता खिळा मारला तर गिलाव्यासकट अंगावर येईल." त्यांनी भोक पाडायचं गिरमिट उचललं. "एक बाजू खांबावर घ्यायची. दुसरीकडे खांब नाही, तिथे पलीकडून आडवी फळी द्यायची, आरपार बोल्ट घालायचा आणि आवळायचं. मग भूकंप आला तर घर पडेल, कपाट पडणार नाही."

"घरच पडल्यावर कपाटाचं काय लोणचं घालू?"

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

"फळी धरायला तुला तिकडे जावं लागेल."

"दुसरी भिंत बघा."

"दुसरीत खिडकी आहे."

"मग राहू दे जमिनीवरच!"

"ओलीने पाय खाल्लेत त्याचे. मी गेल्यावर कोण बघणार?"

ती फळी घेऊन पलीकडे गेली.

भर दुपार होती, तरी खोलीत पाऊल टाकताना तिच्या अंगावर काटा आला. पलंग, चादर, उशाशी चुन्याची डबी, सगळं होतं तसंच. भिंतीतून टकटक झाली आणि ती जागच्या जागी थिजली.

"इथे धर फळी," भिंत वडिलांच्या आवाजात बोलली. "आलं का लक्षात?"

तिने पलंग ओढून बाजूला केला आणि फळी टेकवायला वाकली. उशाच्या उंचीवर गिलाव्यात एक गुळगुळीत खळगा होता. तो मेईच्या अडकित्त्याचा, तिच्या ओळखीचा. पण पायथ्याकडे, अगदी जमिनीलगत, गिलावा फुटून आतल्या काड्या दिसत होत्या. खाली चटई होती आणि चटईवर चुन्याचा ताजा भुगा. पलंगावरून मेईचा हात तिथे पोचणं शक्यच नव्हतं.

"पा, इथे खाली भिंत कशाने फुटलीय?"

गिरमिट थांबलं.

"तिथे बोल्ट नको. तिथला कूड मोकळा झालाय."

"कशाने झालाय?"

पलीकडे गिरमिट खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"पहाटे मी येऊन बसतो तिथे, चटईवर. तिची पाण्याची वेळ. सवय जात नाही." ते खाकरले. "मग थंडीने गुडघे धरतात, उठवत नाही. म्हणून ठोकायचो. म्हटलं, तू जागी असलीस तर हात देशील."

दारिहूनने दोन्ही हातांनी फळी भिंतीवर दाबून धरली होती. ती सोडणं शक्य नव्हतं.

"हाक का नाही मारलीत?"

"घर तुझं आहे गं. परक्याच्या घरात अपरात्री ओरडायचं असतं का?" मग ते म्हणाले, "एकदा दाराशी आली होतीस. पावलं ऐकली मी. मग परत गेलीस. मला पटलं ते. आईचं सगळं केलंस, आता माझंही कुठवर करशील. म्हणूनच बहिणीला कळवलं."

"पा, मला वाटलं..."

जिवंत माणसाला आपण भूत समजलो, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? बोल्टचं टोक फळीतून बाहेर आलं. तिने डोळे न पुसताच नट फिरवला.

"घट्ट?" भिंतीपलीकडून विचारणा झाली.

"घट्ट."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोहराहून गाडी आली. किटबोकच्या बहिणीचा मुलगा बानशान दारातूनच ओरडला, "चला मामा! ढग उतरले की रस्ता दिसायचा नाही." वळकटी आणि हत्यारांची पेटी त्याने गाडीत चढवली. दारिहूनने त्याच्यापुढे पान-सुपारी ठेवली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काल पांनी त्याच्यावर पाणसळ ठेवली, तेव्हा तिचा बुडबुडा मधोमध येऊन थांबलेला तिने स्वतः पाहिला होता.

"हे वाकडं लागलंय," ती म्हणाली.

बानशान खो खो हसला. "मामांचं काम, आणि वाकडं?"

"डावीकडे उतरलंय. असं टाकून कसे जाता, पा? घर माझं आहे. मला नाही चालणार."

किटबोक आत आले. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग मुलीकडे. मग कपाटाच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं.

"खरंच की," ते म्हणाले. "उतरलंय जरा."

"किती वेळ लागेल, मामा?"

"ते काही सांगता येत नाही रे. या कुडाचं काम फार वेळखाऊ." त्यांनी कोटाची बटणं सोडली. "आईला सांग, मामाचं काम राहिलंय म्हणून."

दारिहून बाहेर गेली. गाडीतून वळकटी तिने स्वतः उतरवून आणली. पुढच्या खोलीत न नेता ती चुलीपाशी सोडली आणि आपल्या अंथरुणाला लागूनच अंथरली, हात लांब केला की पोचेल इतक्या जवळ.