वस्तादांची जीभ

वेंडेलिन ह्रुबेश यांच्या जिभेची चव गेली होती, आणि सगळ्या ओल्शोव गावात ही गोष्ट एकट्या वेंडेलिनना ठाऊक होती. फेब्रुवारीत तापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळले, उठले तेव्हा लसणाचं सूप आणि गरम पाणी यांत काही फरक उरला नव्हता. वासही येईना. शहरातला डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. सप्टेंबर संपत आला तरी काही आलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्याने चार लोकांना सांगितलं असतं, चार लोक हळहळले असते आणि विषय संपला असता. पण वेंडेलिन गावाचे बिअरचे वस्ताद. पबमागच्या दोन तांब्याच्या कढयांत त्यांनी चौतीस वर्षं बिअर उकळली. पाठीने दगा दिल्यावर कढया मुलीच्या, राडकाच्या, हाती दिल्या. शेवटचा शब्द मात्र स्वतःकडेच ठेवला. रिवाजच तसा होता. नव्या घाण्याचा पहिला पेला खिडकीजवळच्या टेबलावर वस्तादांपुढे यायचा. त्यांनी घोट घेऊन पेला टेकवला की मग बाकीच्यांनी प्यायची. आणि पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती उचलून त्यांनी पेल्यावर ठेवली, तर तो सगळा घाणा गटारात. एरवी कुणी चकती पेल्यावर ठेवली तर "मला आता पुरे" एवढाच अर्थ. वस्तादांनी ठेवली की अख्ख्या गावाला पुरे. आजवर तसं एकदाच झालं होतं, तेही त्यांच्या स्वतःच्या घाण्यावर, आणि लोक अजून ते सांगताना आवाज खाली आणत.

अशा माणसाने चव गेली म्हणून कुणाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तापानंतरचे पाच घाणे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पारखले. पेला खिडकीच्या उजेडात धरायचा, रंग बघायचा, फेस किती वेळ टिकतो ते बघायचं, प्रत्येक घोटागणिक काचेवर फेसाचं कडं राहतं की नाही ते बघायचं. राडकाचा हात चांगला होता, म्हणून मूठ झाकलेली राहिली. वेंडेलिनना मात्र वाटू लागलं होतं की डोळ्यांनीही भागतं.

सहाव्या घाण्याच्या वेळी, मंगळवारी, राडकाने तळघरात टाकीतून एक पेला काढला. रविवारी गावच्या चर्चची जत्रा होती. हंस भाजले जाणार, बँड येणार, आणि या टाकीतली बिअर वाहणार.

"बाबा, मला यात लोण्यासारखं काहीतरी लागतंय," ती म्हणाली. "घ्या बरं तुम्ही."

वेंडेलिननी घेतलं. थंड आणि ओलं, एवढंच कळलं. पण रंग सोन्यासारखा नितळ होता, फेस दाट होता.

"लोणी? सकाळी पावावर फासलं असशील, तेच लागतंय. शनिवारी टाकीला नळ लाव."

राडकाने पुन्हा घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला. "तुम्ही म्हणता तर माझंच चुकत असेल," ती म्हणाली.

शनिवारी चार वाजता पबातलं खिडकीजवळचं टेबल भरलं. निवृत्त रेल्वे गार्ड ओताकार नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण चव पक्की होती. नळावर पेले भरणाऱ्या मिलाडाने पहिला पेला वस्तादांपुढे आणून ठेवला. वेंडेलिननी तो उजेडात धरला, प्यायले. काचेवर कडं उमटलं. त्यांनी पेला टेकवला.

"चला, वस्तादांनी पास केली!" ओताकार म्हणाला, आणि सगळ्यांनी पेले उचलले.

एका घोटातच पेले खाली आले. एकाने मिशी पुसली, दुसऱ्याने आंबवलेल्या कोबीत काटा घातला आणि तसाच ठेवला. ओताकारने दुसरा घोट घेतला, एकदा वस्तादांकडे बघितलं आणि पुन्हा पेल्यात बघितलं.

"बरी आहे," तो म्हणाला. ओताकारच्या तोंडून "बरी" ऐकून वेंडेलिननी पेला पुन्हा उजेडात धरून बघितला.

तेवढ्यात रबरी बूट घातलेली राडका तळघरातून वर आली. वस्तादांना काही बोलायची ओताकारची छाती नव्हती. राडकाला बोलायला छाती लागत नाही, असं त्याला वाटलं.

"राडका, कढईत हॉप्सची कडू फुलं टाकलीस की लोण्याचा गोळा? अगं, ही पावाला फासून खावी लागेल!"

टेबल हसलं. "बाईमाणसाचा हात," दुसरा कुणीतरी म्हणाला, "लोण्याकडेच जायचा शेवटी." पुन्हा हसू.

राडकाने वडिलांकडे बघितलं. मंगळवारचं सगळं तिच्या डोळ्यांत होतं, आणि ते तिने तिथेच ठेवलं. "माझी चूक आहे," ती म्हणाली. "जत्रेची घाई केली."

वेंडेलिनना वाटलं, जणू आपल्याला कुणीतरी भर चौकात उघडं केलं आणि पोरीने अंगावरचा कोट काढून आपल्याला दिला. आता गप्प बसलं तर काहीच होणार नव्हतं. उद्या हंसाबरोबर लोकांनी ही बिअर कशीबशी ढोसली असती, आठवडाभर राडकाला टोमणे मिळाले असते, आणि वस्ताद वस्तादच राहिले असते. फुकटात सुटका होती. त्यांना स्वतःची किळस आली.

त्यांनी पेला उचलला, खालची चकती काढली आणि पेल्यावर ठेवली.

हसू जागच्या जागी थांबलं. मिलाडाचा हात नळावरच राहिला.

"ती मला मंगळवारीच म्हणाली होती," वेंडेलिन म्हणाले. "लोणी लागतंय म्हणून. मीच तिला खोटं पाडलं. मला फेब्रुवारीपासून कशाचीच चव लागत नाही. वास नाही, काही नाही. हा धरून सहा घाणे मी नुसते डोळ्यांनी प्यायलो."

"म्हणजे इतके दिवस आम्ही..." ओताकार म्हणाला.

राडकाने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "मला का नाही सांगितलंत, बाबा? मंगळवारपासून मी माझ्याच जिभेला शिव्या घालतेय. रोज तळघरात जाऊन चाखत होते आणि वाटत होतं, मला हे काम कधी जमणारच नाही!"

"आता काय करणार," ओताकार हळूच म्हणाला. "चकती पडली. घाणा गटारात. रिवाज आहे."

"रिवाज चव कळणाऱ्याचा आहे," राडका म्हणाली. "ती इथे मला कळते. बिअर गटारात ओतायची नाही. नळ बंद कर, मिलाडा. तीन आठवडे तळघरात थंड पडू दे, कच्च्या बिअरचं हे लोणी आपोआप जातं. थांबायला हवं होतं, तेवढंच."

असं या टेबलाशी आजवर कुणी बोललं नव्हतं. मिलाडाने नळ बंद केला.

जत्रेला शेजारच्या गावची बिअर आणावी लागली. त्यापेक्षा मोठी नामुष्की ओल्शोवाने पाहिली नव्हती. ओताकारने ती नाक दाबून औषधासारखी घेतली, चार पेले घेतले, आणि राडकाला एक शब्द बोलला नाही. वेंडेलिन जत्रेला गेलेच नाहीत. घरी बसून त्यांनी पाव खाल्ला आणि त्यावर मीठ घातलं की नाही हे त्यांना आठवेना.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, मिलाडा पहिला पेला घेऊन आली आणि कुणापुढे ठेवावा या विचारात टेबलापाशी उभी राहिली. वेंडेलिन उठले. आपली खुर्ची त्यांनी मागे ओढली आणि राडकाला खूण केली. ती बसली, पण आधी तिने हात ॲप्रनला दोनदा पुसले.

तिने घोट घेतला. टेबलावरच्या सगळ्यांची नजर चकतीवर होती, वेंडेलिनचीही. राडकाने पेला टेकवला.

"प्या," ती म्हणाली.

सगळे प्यायले. ओताकारने डोळे मिटले, उघडले आणि मिलाडाला रिकामा पेला दाखवला. त्याच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक कुणाला मिळालं नव्हतं.

वेंडेलिन स्टुलावर, मुलीच्या शेजारी बसले होते. त्यांच्या हातातही पेला होता. त्यांनी तो उजेडात धरला नाही. घोट घेतला. थंड आणि ओलं.

"सांग," ते म्हणाले.

राडकाने त्यांच्याकडे बघितलं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली आणि फक्त त्यांना ऐकू येईल असं बोलू लागली.

"आधी पावाची कड लागते, नीट भाजलेली. मग थोडा मध, पण लगेच जातो. कडू उशिरा येतं, जिभेच्या पार मागे. आई माळ्यावर हॉप्स वाळत घालायची ना, तेव्हा जिन्यात पाय ठेवल्याबरोबर वास यायचा, तसं."

"आणि लोणी?"

"नाही."

वेंडेलिननी आणखी एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायची त्यांनी घाई केली नाही.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "सावकाश."

राडकाने आपला पेला उचलला, घोट घेतला आणि पावाच्या कडेपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.