खांबा, मागे बघ

मी रेडिओ बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं बोललो, आज स्वतःचं बोलणार आहे. तेव्हा मधे कोणी तोंड घालायचं नाही आणि माझा कान पिळायचा नाही.

दुकानातून आलो तेव्हा मी देखणा होतो. आता पाठीचं झाकण नीट बसत नाही म्हणून त्यावर पायजम्याची नाडी आवळलेली आहे. ती बांधली मावशीने. मावशी म्हणजे माझी मालकीण. कपडे शिवते, आणि शिलाई मशीनच्या उजव्या हाताला माझी जागा आहे. सामना लागला की तिचा पाय मशीनवरून खाली येतो, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. एकदा एका जाडजूड वकिलाला ती म्हणाली, "खेळ संपला की माप घेते. तोवर पोट आत घेऊन बसा." वकील बसले.

मावशीने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. फुटबॉल तिला मास्तरांनी शिकवला, माझ्या तोंडून.

मास्तर आधी आमच्या संघाचे प्रशिक्षक होते. संघ हरत सुटला तेव्हा समितीने त्यांना नारळ दिला. दुसरा कोणी असता तर पायऱ्या उतरून घरी गेला असता. हे पायऱ्या चढले आणि वरच्या रेडिओच्या खोलीत जाऊन सामन्याचं वर्णन करू लागले. पण शिकवायची खोड मेल्याशिवाय जाते थोडीच? चेंडू उजवीकडे गेला, एवढं सांगून ते थांबायचेच नाहीत. "अरे, उजवीकडे कशाला? तिकडे तुझी सासुरवाडी आहे का?" असं माझ्या पोटातून गरजायचे.

मावशीला वाटलं, एवढी अक्कल सांगतायत ती खेळाडूंच्या कानावर जायला नको का? तिने मला काखोटीला मारलं, मैदान गाठलं आणि माझा आवाज फुटेस्तोवर वाढवला. पुढच्या सामन्याला पायऱ्यांवरचा एकेक जण रेडिओ घेऊन हजर. शेजारचा न्हावी तर गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आला होता. गिऱ्हाईकही सोबत होतं, फेसासकट.

आमच्या बचावफळीत एक धिप्पाड खेळाडू होता. एकदा उभा राहिला की हलायचा नाही, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव खांब ठेवलं. पाठीमागून अख्खी वरात गेली तरी याची नजर चेंडूवर. मग मास्तर ओरडायचे, "खांबा, मागे बघ!" शेकडो रेडिओ एकदम ओरडायचे. खांब दचकून मागे बघायचा आणि गोल वाचायचा.

पाहुण्या संघाने तक्रार केली. मास्तरांना ताकीद मिळाली की शिकवायचं नाही, फक्त दिसेल ते सांगायचं. मास्तर शहाण्यासारखे हो म्हणाले. पुढच्या सामन्यात त्यांनी शांतपणे सांगितलं, "श्रोतेहो, मी कोणालाही काहीही सुचवत नाही. खांब उभा आहे. त्याच्या मागे माणूस आहे. मी आपलं फक्त वर्णन करतोय."

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. बातमी मलाच सांगावी लागली. मावशीने हातातली शिवण पुरी केली, दोरा दाताने तोडला आणि माझे सेल काढून घेतले. "आता यात ऐकायचं काय राहिलं?" एवढंच म्हणाली. बंद पडलेल्या रेडिओचं पुढे काय होतं, हे मी जाणून होतो. आमचा एक भाऊबंद न्हाव्याच्या माळ्यावर कोळ्यांना घर देऊन बसलाय.

मोसम सुरू झाला तसा मास्तरांच्या स्मरणार्थ सामना ठरला. वर्णनाला नवी मुलगी होती. तिचं तोंडसुद्धा बघायचं नाही, असं मावशीने जाहीर केलं. न्हाव्याने गळ घातली, "मावशी, मास्तरांसाठी तरी चल." ती निघाली. मलाही घेतलं, पण उपाशीच.

मैदानावर जो तो आठवणी सांगत होता. प्रत्येकाला मास्तर एकदा तरी खाजगीत भेटले होते म्हणे, आणि प्रत्येकाचंच त्यांनी ऐकलं होतं. मग दोन मिनिटं शांत उभं राहायची सूचना झाली. जो माणूस जन्मात अर्धं मिनिट गप्प बसला नाही, त्याच्या नावाने शांतता! कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ती लागण शेवटच्या पायरीपर्यंत गेली.

खेळ संपत आला होता, दोन्हीकडे एकेक गोल. चेंडू आमच्या अंगावर आला. खांब उभा. त्याच्या पाठीमागून एक गडी सुसाट निघाला. सगळ्यांना दिसत होता. आणि सगळेच्या सगळे, सवयीने, त्या एका आवाजाची वाट बघत गप्प राहिले. मघाशी जमली नव्हती ती शांतता आता जमली.

मावशी उठली. "खांबा, मागे बघ!"

अख्खं मैदान तिच्यामागून ओरडलं. खांब वळला आणि चेंडू असा लाथाडला की तो भिंतीपलीकडे गेला. मग त्याने मान वर करून रेडिओच्या खोलीकडे बघितलं.

न्हावी आपला रेडिओ कानाला लावून थिजला होता. नव्या मुलीने बोलणं थांबवून माइक खिडकीबाहेर धरला होता. न्हावी म्हणाला, "मावशी, यात तू आहेस."

मावशीने कमरेचा बटवा काढला. त्यातून माझे सेल निघाले. घरातून निघतानाच घेतले होते बयेने! तोंडाचा पट्टा चालूच ठेवत तिने नाडी सोडली, सेल घातले, आणि माझ्या तोंडून तिचाच आवाज तिला ऐकू आला: ती पायऱ्यांवरून खांबाला झापत होती आणि मी तिच्या मांडीवरून.

"बाई गं," ती म्हणाली, "केवढी ओरडते ही!" आणि पदराने आधी माझी जाळी पुसली, मग डोळे.

आता मी पुन्हा मशीनशेजारी आहे. नवी मुलगी बरी बोलते. मावशी तिच्या चुका काढते, म्हणजे पसंत आहे.

मी म्हातारा झालोय, मला फार काही नको. कोणी गेलं म्हणून लगेच सेल काढू नका. आणि मी काही सुचवत नाही, फक्त वर्णन करतोय: अधूनमधून मागे बघावं. मागे माणूस असतो.