डोक्याला लागलं तर

आमच्या गावात नळपाणी योजनेचा ठराव चहा निवायच्या आत मंजूर झाला होता. फुटबॉलच्या नियमांवर मात्र दर शिमग्याला देवळाच्या सभामंडपात दोन दोन तास भांडण चालतं. पुरुषांच्या हाती चेंडू दिला की त्यांना लगेच संसद भरवायची असते. मी तिथे दरवर्षी चहा करते, त्यामुळे आपल्याला कुणी गप्प बसवणार नाही एवढं मला ठाऊक आहे.

हे खूळ गुरव मास्तरांचं. त्यांनी कुठेतरी वाचलं की साऱ्या जगाच्या फुटबॉलचे नियम आठ मतांवर बदलतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना एकेक मत, आणि उरलेल्या अख्ख्या जगाला मिळून चार. सहा मतं पडल्याशिवाय कानामात्रा हलत नाही. मास्तर म्हणाले, हे तर आपलंच गाव! चार वाड्यांना एकेक मत दिलं, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाला चार. म्हणजे मुंबईकरांनी कितीही अक्कल पाजळली तरी वाड्यांशिवाय त्यांचं चालत नाही, आणि वाड्यांचंही त्यांच्याशिवाय चालत नाही. जगाची बैठक फेब्रुवारी-मार्चात होते, आमची शिमग्याला, कारण पालखीसाठी चाकरमानी आलेले असतात. शिमग्याला ठरलेला नियम मे महिन्यात, भाताच्या मळ्यात वाडी चषक भरतो तेव्हा लागू होतो. मास्तर गेले, पण घडी तशीच राहिली.

सागर माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो पहिलीत जात होता, आणि त्याची चड्डी मी धुतलेली आहे. पुढे लोट्याला केमिकल कंपनीत लागला, कंपनीच्या बसने यायचा-जायचा. वरच्या वाडीचा, म्हणजे आमचा, तो सगळ्यात उंच उडणारा गडी. कॉर्नरचा चेंडू आला की तो कुणाच्याही डोक्यावरून डोकं काढायचा. त्याची बायको मनिषा देवरुखची. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती मळ्याच्या बांधावर छत्री धरून उभी राहायची.

करोनाच्या आदल्या मे महिन्यात अंतिम सामन्यात त्याचं डोकं पऱ्यावाडीच्या एका पोराच्या डोक्यावर आपटलं. नारळ फुटावा तसा आवाज आला, मी बांधावरून ऐकला. त्याला करवंदीच्या जाळीखाली बसवला, डोक्यावर पाणी ओतलं, कांदा फोडून नाकाशी धरला. आमच्या तीन बदल्या होऊन गेल्या होत्या, चौथी नियमात नव्हती. तो बाहेर बसता तर आम्ही दहाच राहिलो असतो. माझे यजमान रावजी कप्तान होते. त्यांनी विचारलं, "जाशील काय रे?" सागर हसला आणि म्हणाला, "जातंय की." रावजींनी काखेत हात घालून त्याला उठवला. थोड्या वेळाने पुन्हा कॉर्नर आला, सागर पुन्हा उडाला, आणि खाली आला तो उठलाच नाही.

रत्नागिरी झाली, मुंबई झाली. जीव राहिला. पण आता त्याच्या डोक्यात काही टिकत नाही. सकाळी जेवला की दुपारी विचारतो, जेवण झालं काय. कंपनी सुटली. जुनं सगळं मात्र लख्ख आहे. कुठल्या वर्षी कुणी किती गोल मारले, कुठला नियम कधी आला, सगळं सांगतो. नवं म्हणाल तर गळक्या घागरीत पाणी.

चषक पुन्हा सुरू झाला तेव्हा चारही वाड्यांनी न बोलता एक प्रथा पाडली. अंतिम सामना कुणाचाही असो, शेवटची पाच मिनिटं सागरला आत घ्यायचं. पोरं त्याच्या भोवती हळूहळू धावायची, पायात चेंडू द्यायची. आणि खरं सांगते, त्याचे पाय काही विसरले नव्हते. त्या रात्री तो पोटभर जेवायचा, शांत झोपायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत येऊन म्हणायचा, "वैनी, काल खेळलो मी." त्याला आठवायचं! वर्षभरात दुसरं काही टिकायचं नाही, ती पाच मिनिटं तेवढी टिकायची. त्या सकाळसाठी मी देवाला नारळ बोलायची.

मनिषाने पहिल्याच शिमग्याला सभामंडपाच्या खांबाला टेकून सांगितलं होतं, डोक्याला लागलं तर जास्तीची बदली द्या. बायकांना मत नाही, पण बोलायला बंदी कुठे लिहिलेली नाही. पुरुष म्हणाले, जगाच्या नियमात नाही, आपण कसं करायचं? दुसऱ्या वर्षी म्हणाले, जगात म्हणे चाचणी चालू आहे, बघू. तिसऱ्या वर्षी मधल्या वाडीचा सदू म्हणाला, "डोका धरून लोळायला काय जातंय? चौथी बदली फुकट गावंल." सगळे हसले. मनिषा हसली नाही, मीही नाही. त्या वर्षी चहात साखर घालायची मी विसरले, असं समजा.

मग त्याच मे महिन्यात, शेवटच्या पाच मिनिटांत, कुणीतरी चुकून चेंडू उंच मारला आणि सागर उडाला. डोक्याने मारलान चेंडू, थेट जाळ्यात! अख्खा मळा नाचला, मीही नाचले. वळून बघते तर मनिषा बांधावर खाली बसलेली, तोंडाला पदर. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, आणखी एक मार लागला तर माणूस हाताशी राहणार नाही.

गेल्या शिमग्याला बैठक भरली तेव्हा मुंबई मंडळाचा स्वरूप मोबाईल घेऊन उभा राहिला. म्हणाला, गेल्या जुलैपासून जगात नियम आला आहे. डोक्याला मार लागल्याचा संशय असेल तर जास्तीची बदली देता येते. मंडळाचे अध्यक्ष दादूकाका म्हणाले, "मग आपल्याला काय अडचण हाय?" भराभर हात वर. दादूकाकांचा एक हात म्हणजे चार मतं, वाड्यांची चार, आठच्या आठ. तीन वर्षं जी बाई खांबाला टेकून घसा कोरडा करत होती तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. लंडनहून आलं की सगळं गोड लागतं.

"अर्धाच झाला," मनिषा म्हणाली.

सगळे वळले. ती खांब सोडून पुढे आली होती. "बाहेर काढलेला माणूस डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय परत आत नाय यायचा. त्या मॅचला नाय, पुढच्या वर्षीबी नाय. आणि ज्याला आदी लागलंय त्यालाबी हाच नियम. ह्यो लिवा."

स्वरूप म्हणाला, "वहिनी, जगाचा नियम फक्त त्या मॅचपुरता आहे."

"जगात मैदानावर डॉक्टर असतो," ती म्हणाली. "आपल्याकडे कांदा असतो."

कुणी हसलं नाही. दादूकाका हळूच म्हणाले, "अगो, पन मग सागरचा काय?"

सागर बाहेर पारावर बसून पोरं ढोलांच्या दोऱ्या सैल करत होती ते बघत होता. माझ्या हातातला टोप मी खाली ठेवला. इतका वेळ माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की ही बाई काय मागते आहे.

सदू वाईट माणूस नाही. तो काकुळतीने म्हणाला, "असा करूया. ह्यो नियम सागरला लागू नाय, असा लिवूया. तसाबी तो कुटं खेळतोय? आमीच खेळवतोय त्याला."

"सगळ्यांचा डोका वाचवायचा आणि ह्यांचा तेवडा सोडायचा?" मनिषाचा आवाज फाटला. "ह्यांचा डोका, तो डोका नाय?"

मतं घेतली. दादूकाकांनी डोळे मिटून हात वर केला, चार झाली. गुरववाडीने दिलं, पाच. मधली वाडी नाही म्हणाली, पऱ्यावाडीही नाही, आणि दोन्ही वाड्या सागरच्या मायेपोटीच नाही म्हणाल्या. राहिलं आमच्या वरच्या वाडीचं मत, म्हणजे रावजींचं. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मनात म्हणत होते, नको, हात वर करू नका. त्या लेकराकडे दुसरं आहे काय? मला त्या क्षणी मनिषाचा असा राग आला की तिला हाताला धरून बाहेर न्यावी.

रावजी आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले होते. त्याच हाताने त्यांनी भावाला जाळीखालून उठवला होता. तो हात त्यांनी वर केला आणि भर सभेत ढसाढसा रडले. नियम झाला.

मी मनिषाशी कितीतरी दिवस बोलले नाही. एका चुलीवर रांधायचं आणि बोलायचं नाही, हे काय असतं ते जावाजावांनाच ठाऊक. ती मात्र रोज सकाळी सागरला समजावत होती, यंदा आत नाय जायचं. तो बरं म्हणायचा आणि दुपारपर्यंत विसरायचा. मे उजाडला, चाकरमानी आले, आणि त्याने आपण होऊन ट्रंकेतली जर्सी काढली.

अंतिम सामना आमचा आणि गुरववाडीचा. सागर बांधावर बसून प्रत्येक फाऊल मोठ्याने सांगत होता, आणि सगळे बरोबर. शेवट जवळ आला तसा तो उठला, मोजे वर ओढले आणि रेषेवर जाऊन उभा राहिला, बदली खेळाडू उभा राहतो तसा. पंच स्वरूप होता. त्याने एकदा बघितलं आणि मान फिरवली. पोरं धावत होती, पण कुणाचंही चेंडूवर लक्ष नव्हतं. सागरने हात वर केला. परत केला. मला वाटलं रावजी जातील, पण ते मळ्याकडे पाठ करून उभे होते.

मनिषा गेली. मीही तिच्या मागोमाग गेले, का ते मलाही कळलं नाही. तिने त्याचा वर केलेला हात खाली घेतला. "अवो, नाय जायचं आत."

"का?"

"नियम आलाय. डोक्याला लागलेल्याने चिठ्ठीबगर खेळायचा नाय."

सागरने मान डोलावली. नियम म्हटलं की तो लहानपणापासून वाद घालत नसे. "कदी आला?"

"शिमग्याला."

"कोणी आणला?"

सांगायला तिच्याकडे किती नावं होती! समिती म्हणता आलं असतं, मुंबईकर म्हणता आलं असतं, लंडन म्हणता आलं असतं. त्याला कुठे तपास करायचा होता!

"मी," मनिषा म्हणाली.

तो हसला. "तू? तुला ऑफसाइड तरी कळतो काय?" मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. तो तिथेच गवतात बसला. जरा वेळाने पुन्हा उठून रेषेवर गेला, पुन्हा हात वर केला. पुन्हा तिने खाली घेतला, पुन्हा त्याने विचारलं कोणी आणला, आणि पुन्हा ती म्हणाली, मी. शिट्टी होईपर्यंत हेच चाललं. माझा तिच्यावरचा राग कधी गळून गेला ते सांगता यायचं नाही. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "अगो, उद्या विचारलान तर माझा नाव सांग. माझ्यावर रागावला तर रागावू दे."

"विसरतील ते सकाळपर्यंत," ती म्हणाली. "बरा हाय, वैनी. विसरू दे."

सकाळी मी पडवीत तांदूळ निवडत होते. मनिषा चहा घेऊन आली. सागर बाहेर आला, पण तिच्या हातातला कप त्याने घेतला नाही. माझ्याजवळ येऊन बसला, लहानपणी मार खाऊन यायचा तसा.

"वैनी," तो म्हणाला, "काल मनिषाने मला खेळू दिलान नाय."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. असं हसू पुन्हा कुणाच्या तोंडावर बघायची वेळ माझ्यावर न येवो.

"आठवलान, वैनी," ती म्हणाली. "बगा, ह्यांना आठवला."