जुळ्या घंटेचं धाकटं तोंड

ढोलपथकाच्या म्होरक्याने लोखंडी जुळी घंटा ऐरणीवर ठेवली आणि काठीने तिची दोन्ही तोंडं वाजवली.

"ऐकलंत?"

लोहाराने मान डोलावली.

"काय ऐकलंत? दोन्ही एकच बोलतायत. मोठं जाड बोलायला हवं, धाकटं बारीक. ढोलवाला चुकला की हिच्यावर कान ठेवून तालात येतो. आता त्याने कशावर कान ठेवायचा?"

लोहाराने काठी घेतली. मोठं तोंड घुमलं. धाकट्यावर त्याला नुसती टकटक ऐकू आली. बारीक स्वर कानाला लागेनासे होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ते फक्त बायकोला ठाऊक होतं. तो काठ ठोकायचा, ती शेजारी उभी राहून 'अजून' म्हणायची, मग 'थांबा'. ती गेल्यानंतर घडवलेली ही पहिलीच घंटा.

"मला बारीक ऐकू येत नाही," तो म्हणाला.

चहा घेऊन आलेली त्याची मुलगी दारातच थांबली.

म्होरक्याने घसा खाकरला. "मग राहू द्या, दादा. मी दुसरीकडे बघतो."

"उद्या संध्याकाळी या. नाही जमली तर दुकानाला कुलूप लावतो."

म्होरक्या गेला. लोहाराने घंटा ऐरणीच्या टोकावर चढवली.

"बाबा, हट्ट पुरे झाला."

"इथे उभी राहा. आईसारखं ऐकून सांग."

"आईला कुठे ऐकू येत होतं? शेवटी शेवटी मी बाहेर दाराची बेल बडवत असायचे आणि तुम्ही दोघं आत निवांत."

लोहाराचा हात थांबला. "ती तर 'थांबा' म्हणायची."

"तुमच्याकडे बघून. काठ जमत आला की तुमची जीभ बाहेर येते, जमला की आत जाते. मला म्हणाली होती, यांना सांगू नकोस, तोंड मिटून बसतील."

तो हसला नाही. हातोडा तळहातावर तोलत बसला. ही घंटा ठोकताना एका घावाला हातोडा एकदम हलका लागला होता. काठ तेव्हाच जमला होता; पण 'थांबा' कोणी म्हटलं नाही, म्हणून तो ठोकतच राहिला होता.

"मी तुमच्या तोंडाकडे बघत बसू का?" मुलीने विचारलं.

"नको. चहा पी."

त्याने धाकटं तोंड आतून ठोकून उघडलं, मग बाहेरून काठ बसवायला घेतला. घाव घालायचा, कोपरापर्यंत चढणारा हादरा हाताला काय सांगतो ते बघायचं, पुन्हा घालायचा. चहावर साय धरली. मुलगी न बघण्याचं सोंग करत बघत होती. 'थांबा' म्हणायला तिने तोंड उघडलं, तोवर त्याने हातोडा खाली ठेवला होता.

त्याने घंटा पुसली आणि फळीवर ठेवली. म्होरक्या उद्या संध्याकाळी येऊन ती वाजवून बघणार होता.