उघडता न येणारी फाईल

दीपमालानं खिडकीतून पुकारलं, "रेठरे बुद्रुक." आणि बाकड्यावरची तीन माणसं एकदम उठली.

कोणीतरी हसलं. दीपमालाही हसली. कराडच्या त्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर ती अकरा वर्षं बसत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर पेशंटचं नाव कानात सांगायचा आणि ती पुकारायची. आदल्या दिवशी दवाखान्याचं सॉफ्टवेअर बदललं, रकाने इकडचे तिकडे झाले, आणि यंत्र नावाच्या जागी गाव वाचायला लागलं.

दुपारी व्यवस्थापक विश्वजीत साहेब आले. माणूस वाईट नव्हता. पुढच्या सोमवारपर्यंत जमतंय का बघा म्हणाले, तोवर शिपाई नावं वाचून दाखवेल. नाहीतर फोनजवळ बसा, पगार तोच राहील. फोनजवळ म्हणजे जिन्याखालचं स्टूल. तिथं दिवसाला चार फोन यायचे, त्यातले दोन चुकून.

यंत्राला बोलायला शिकवलं होतं जोतीरामनं. तोही तिच्यासारखाच, अंधशाळेतला वर्गमित्र, सांगलीत राहणारा. नाव कुठून उचलायचं, वय कुठून, ही यंत्राला सांगणारी सगळी फंक्शनं, म्हणजे सूचनांचे तुकडे, त्याच्या एका फाईलीत होती. दीपमालाच्या फाईलीत वरती फक्त एक ओळ: जोतीरामच्या फाईलीतलं वापरायला घे. मूळ लिखाण मात्र त्यानं कधी दिलं नाही. यंत्रापुरती तयार केलेली फाईल तेवढी पाठवायचा. ती चालायची, पण उघडून वाचता यायची नाही. तिनं मागितलं की म्हणायचा, "वापर की गप. उघडलीस तर इस्कटशील." तीही म्हणायची, मर मेल्या. एप्रिलमध्ये तो खरंच गेला. साधा ताप, चार दिवसांत.

मूळ लिखाण त्याच्या लॅपटॉपवर असणार, म्हणून शनिवारी ती रेल्वेनं सांगलीला गेली. जोतीरामच्या आईनं, राहीबाईनं, दारातच तिचा हात धरला आणि आत नेऊन बसवलं. चहा झाला. लॅपटॉपचं विचारल्यावर राहीबाई हौसेनं सांगायला लागली. नातीला, अंकिताला, कॉलेजला लागत होता, म्हणून दुकानात नेऊन सगळा पुसून घेतला. अगदी कोरा करून दिला म्हणाली, दुकानातल्या पोरानं लय चांगलं काम केलं.

दीपमाला बशीची कड चाचपत राहिली.

"का गं? त्येचं काय ऱ्हायलं हुतं व्हय त्यात?" राहीबाईचा आवाज एकदम बारीक झाला.

"न्हाई मावशी. त्येचं हाय ते माझ्याकडं हाय. दवाखान्यात रोज बोलतंय."

"बोलतंय?" म्हातारी जवळ सरकली. "मला आयकीवशील?"

"या," म्हणाली दीपमाला. दुसरं काय म्हणणार?

रविवारी सकाळी ती रिकाम्या खिडकीत येऊन बसली आणि तीच फंक्शनं स्वतःच्या फाईलीत नव्यानं लिहायला घेतली. फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, ते काय परत देणार, एकेक ओळ कानानं तपासत. पहिल्या खेपेला यंत्रानं नावाऐवजी रक्तगट वाचला. दुसऱ्या खेपेला तोंडच उघडलं नाही. इस्कटलं बघ, ती मोठ्यानं म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून ऐकायला लागली. दुपार कलल्यावर कधीतरी नाव नावाच्या जागी आलं, वय वयाच्या.

आता जोतीरामच्या फाईलीला बोलावणारी ती ओळ तेवढी उरली. एकाच नावाचं फंक्शन दोन्हीकडं असलं की यंत्र गोंधळणार. त्या ओळीवर येऊन तिनं ती तीनदा ऐकली. मग पुसली. आता यंत्र बोलणार ते सगळं तिनं लिहिलेलं.

सोमवारी खिडकी सुरळीत चालली. साहेबांनी शिपायाच्या हाती पेढा पाठवला.

गुरुवारी राहीबाई आली, गुडघे दाखवायचं निमित्त काढून. दीपमालानं तिचा केसपेपर भरला, कानातल्याची वायर यंत्रातून उपसली आणि कळ दाबली. यंत्र सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल असं बोललं: राहीबाई रामचंद्र पाटोळे, वय अडुसष्ट, सांगली.

"ह्यो आवाज त्येचा न्हाई गं," राहीबाई म्हणाली.

"आवाज यंत्राचा हाय मावशी. बोलाय शिकवलं त्येनं."

राहीबाईनं दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले. नाव कसं सरळ घेतलं, एवढंच म्हणाली. मागं कोणीतरी खाकरलं, कोणीतरी आवं चला की म्हणालं. म्हातारी हलली नाही.

दीपमालानं तीच कळ पुन्हा दाबली.