नऊशे नव्याण्णवाची वाटणी

सखा मुकादम शिमग्याला घरी आला तेव्हा त्याच्या काखेत ना बायकोसाठी लुगडं होतं, ना पोरांसाठी कापडं. एक पुठ्ठ्याचा खोका होता. त्यावर बंदूकवाल्या माणसाचं चित्र आणि खाली पिवळ्या रंगात भलामोठा आकडा, ९९९. बायको गौराने खोका खालून-वरून पाहिला आणि विचारलं, हे खायचं आहे की पेरायचं. सखा वाटेनेच थकला होता. भिवंडीहून जव्हारपर्यंत एसटीत उभ्याने, पुढे मोखाड्यापर्यंत जीपच्या टपावर आणि तिथून पाड्यापर्यंत पायी. त्याने खोका भिंतीशी ठेवला आणि तो जमिनीवर आडवा झाला.

खोका त्याच्या एकट्याचा नव्हता, खरी मेख तिथेच होती.

वावळपाड्यात घरं अकरा. दिवाळी सरली की अकराही घरं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात, शिमग्याला आठ दिवस घरी येतात, परत पावसापर्यंत तिकडेच, आणि त्यांना नेतो सखा. शेठशी बोलायचं सखाने, विटा मोजायच्या सखाने, शनिवारी बाजाराचे पैसे आणून ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायचे तेही सखानेच. जाताना शेठ ट्रक पाठवतो. आधी सखा वर चढतो, आणि शेवटच्या घरातली एकटी म्हातारी बुधी त्याचा हात धरून वर येते. दुसऱ्या कुणाचा हात ती धरत नाही. पडलेच तर सखाच्या हातून पडीन, म्हणते. सखाची मुकादमी म्हणजे दुसरं काय होतं? हाच एवढा विश्वास. तो गेला की सखा म्हणजे इतरांसारखाच चिखल तुडवणारा एक गडी.

त्या वर्षी भट्टीवरच्या मुनशीकडे त्याचा भाचा राहायला आला होता. तो टीव्हीला यंत्र जोडून गेम खेळायचा, आणि दिवसभर विटा पाडून हात सुजलेली आमची माणसं खिडकीबाहेर उभी राहून बघायची. भाचा कधी आत बोलवायचा नाही, पण खिडकीही लावायचा नाही. पाड्यावर वीज येऊन दोन वर्षं झाली होती, आमच्यातल्याच जगनने नाशिकहून जुना रंगीत टीव्ही आणला होता, मग आपल्याकडे असं यंत्र का असू नये? घरटी पन्नास रुपये जमले. साडेपाचशे रुपये रीतीप्रमाणे सखाच्या हातात आले.

शिमग्याला बाकीच्यांना पुढे पाठवून सखा आधी ठाण्याला एका काचेच्या दाराच्या मोठ्या दुकानात गेला. दुकानदाराने एक कॅसेट दाखवली. किंमत चौदाशे. गेम किती? एक. आणि ती घालायचं यंत्र वेगळं, त्याचे चार हजार. एका गेमचे चौदाशे कसे, असं सखाने विचारलं, तर तो म्हणाला, ओरिजिनल आहे. ओरिजिनल म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही आणि सखाने विचारलं नाही. काचेच्या दुकानात आपल्यासारख्याने दोनापेक्षा जास्त प्रश्न विचारायचे नसतात. बाहेर त्याच दुकानाच्या पायरीला लागून एकजण चादर पसरून बसला होता. यंत्र, दोन रिमोट, एक बंदूक आणि कॅसेट, सगळं मिळून साडेपाचशे. गेम किती? नऊशे नव्याण्णव. आकडा कॅसेटवर छापलेला. आता छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, हे भट्टीवरच्या माणसाला कुणी सांगायला नको. पण स्वस्ताई समोर उभी राहिली की शहाण्याचीही अक्कल गहाण पडते.

होळी पेटली, दुसऱ्या दिवशी दुपारी जगनच्या अंगणात सगळा पाडा जमला. यंत्र जोडण्याआधी वाटणी झाली. हसू नका. ओहोळातले मासे धरले तरी आमच्यात सागाच्या पानांवर घरटी एक वाटा पडतो, घरात माणसं दहा असोत की एक, आणि उरेल तो गावदेवाचा. मग इथे निराळा कायदा कशाला? दहावीला बसलेल्या जगनने वहीत हिशेब मांडला. नऊशे नव्याण्णव गेम, अकरा घरं, प्रत्येकाला नव्वद. सखाच्या घराला एक ते नव्वद, पुढच्याला एक्याण्णव ते एकशेऐंशी, असं करत शेवटी बुधीला नऊशे एक ते नऊशे नव्वद. उरले नऊ, ते गावदेवाला. देवाचे गेम कुणी खेळायचे नाहीत, असंही ठरलं.

पहिल्या दिवशी मुकादमाचा मान. सखाच्या पोरांनी कबुतरं मारली, रणगाडे फोडले, छत्री घेऊन ढगातून उतरणाऱ्या माणसाला दहादा आपटून मारला. बारा-तेरा गेम झाले आणि वीज गेली.

दुसऱ्या दिवशी मान बुधीचा, वयाने मोठी म्हणून. तिला खेळायचं नव्हतं, आपला वाटा बघायचा होता. जगन बटण दाबून दाबून नऊशे एकवर पोचला. पडद्यावर छत्री घेऊन माणूस उतरू लागला. बुधी पुढे सरकली. हा छत्रीवाला सखाच्या घरचा आहे, म्हणाली, माझ्या वाट्यात कसा आला?

जगनला वाटलं आपलंच बटण चुकलं. त्याने परत एकपासून सुरुवात केली. बुधीने कनवटीची चिंचोक्यांची पुरचुंडी सोडली आणि प्रत्येक गेमला एक चिंचोका जमिनीवर ठेवत गेली. सत्तावीस चिंचोके झाले. अठ्ठाविसाव्याला कबुतरं परत आली, त्यांच्यामागून रणगाडे, आणि मग सगळी वरात तशीच पहिल्यापासून. जगन शंभरापर्यंत गेला, दोनशेपर्यंत गेला. नाव मोठं, लक्षण खोटं. सगळ्यांनी सखाकडे पाहिलं.

बाकीचे आत अडकले असतील, असं तो म्हणाला. खरंच त्याला तसं वाटलं होतं. मिक्सर अडकतो, पंप अडकतो, तसे गेमही अडकत असतील. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने तो कॅसेट घेऊन जव्हारला गेला.

जव्हारला एसटी डेपोसमोर गौतमचं गेमचं दुकान आहे. दोन टीव्ही, चार खुर्च्या, तासाला पाच रुपये. गौतम हा एका मास्तरांचा मुलगा, आदिवासी प्रकल्प कार्यालयात कारकुनाची जागा निघेल म्हणून सहा वर्षं वाट बघतोय. सखाने कॅसेट पुढे ठेवली आणि अडकलेले गेम सोडवून द्या म्हणाला. गौतम हसला नाही. हसायचाही त्याला कंटाळा आला असावा. त्याने पेचकसाने कॅसेट उघडली. आतला डबा जवळजवळ रिकामा. मध्ये बोटभर हिरवी पट्टी आणि तिच्यावर चिंचोक्याएवढा एक काळा डाग. एवढंच असतं, तो म्हणाला.

मग त्याने कपाटातून आपली ओरिजिनल कॅसेट काढून दाखवली. चौदाशेचीच. हौसेने आणली होती, दोन दिवसांत पोरं कंटाळली, तेव्हापासून ती कपाटात आहे. तासाला पाच रुपयांनी चौदाशे कधी वसूल व्हायचे? म्हणून तोही मुंबईच्या गल्लीतून नकलाच आणतो, साठ-सत्तर रुपयांच्या. गेम बनवणारा सांगेल ती किंमत इथं कुणाला परवडत नाही, आणि परवडते ती किंमत बनवणाऱ्याला कळतही नाही. मधल्यामध्ये आकडे छापणाऱ्यांची चंगळ.

"दादा, नऊशे नव्याण्णव छापतो त्याची खपते. सत्तावीस छापेल त्याची कोण घेईल?"

"आणि हे खोटं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं?"

"घेणारा सोडून सगळ्यांना असतं. बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, मधल्याला."

गौतम आपला सहज बोलून गेला. पण चोराच्या मनात चांदणं. परतीच्या जीपमध्ये सखा सगळ्या वाटेत ‘मधला’ हा एकच शब्द चघळत बसला.

सहा वर्षांपूर्वी, मुकादमीच्या पहिल्याच शनिवारी, मुनशीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आमच्या भट्टीचा हजार अकराशेचा असतो. शंभर फुटीच्या. मजुरी हजाराची. फुटतात कुठे शंभर, असं सखा म्हणाला होता. फार तर दहा-वीस. मुनशी म्हणाला, पटत नसेल तर दुसरा मुकादम बघतो. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? सखाने मान हलवली. तेव्हापासून तो थर मोजायचा, अकराशेला हजार म्हणायचा, आणि अकरा घरं ते ऐकून घ्यायची. सगळ्याच भट्ट्यांवर असं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. आपण शंभरातला एक पैसा खात नाही, असंही समजावलं. ते खरं होतं. पण त्याने आतली टोचणी काही जात नव्हती.

पाड्यावर सगळे वाट बघत होते. सखाने खालच्या मानेने सांगून टाकलं, सत्तावीसच आहेत, मी फसलो. त्याला वाटलं होतं शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. पण लोक हसले. चार महिने भट्टीत भाजून निघालेल्या माणसाला पन्नास रुपयांसाठी भांडायचाही कंटाळा असतो. जगनने वहीचं नवं पान काढलं. सत्तावीस गेम, अकरा घरं, प्रत्येकाला दोन. उरले पाच, ते देवाचे. तो म्हणाला, या भानगडीत फायदा झाला तो फक्त गावदेवाचा, त्याला आपल्या दुपटीहून जास्त मिळाले. परत हशा पिकला. बुधीने सखाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, तुला तरी काय ठाव, पोरा, तू बी आमच्यासारखाच.

त्या हाताने सखाला पोळलं. घरी आल्यावर तो भाकरीला शिवला नाही. गौराने काय झालं म्हणून विचारलं. त्याने जे सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली की मीही त्या विटा पाडते, माझ्याही शंभर जातात. आणि मग, आता जाऊन म्हातारीला सांग.

सकाळी बुधी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. सखा उभाच राहिला. बसायची हिंमत झाली नाही.

"काकी, भट्टीवरचा हजार हजाराचा नाय. अकराशेचा हाय. पहिल्या वर्षापासून. मला ठाव व्हतं."

बुधीने एक मूठ फुलं पसरली, मग दुसरी.

"मला बी ठाव व्हतं," ती म्हणाली. "पहिल्याच शनवारी मी चिंचोके ठेवले. शंभराला एक. तू हजार म्हणालास तवा माझे अकरा झाले व्हते."

मग बोलली का नाहीस, त्याने विचारलं.

"काय बोलू? मला वाटलं, तुला ठाव नाय. शेठ तुला बी फसवतो. म्हणून तर सा वर्षं तुझ्या मागं आले."

त्याच्याकडे न बघता ती फुलं निवडू लागली. एवढंच म्हणाली की आता मला सांगितलंस, ट्रक सुटायच्या आधी बाकीच्यांनाही सांग. सखा बरं म्हणाला आणि निघाला.

तिसऱ्या दिवशी ट्रक रस्त्याला लागला. अकरा घरांची गाठोडी, पातेली, कोंबड्या, पोरं. सखाने सगळ्यांना ट्रकामागे उभं केलं आणि सांगितलं. फार लांबवलं नाही, आपली बाजूही मांडली नाही. एवढंच म्हणाला की या खेपेला मी हजाराला हजारच म्हणणार आहे, शेठने हाकललं तर हाकललं. जगनने वही उघडली, परत मिटली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. न जाऊन करायचं काय होतं? घरात होतं ते धान्य शिमग्यातच संपलं होतं. एकेक करून माणसं चढू लागली.

सखा नेहमीप्रमाणे आधी वर चढला होता. बुधी शेवटी आली. त्याने वाकून हात पुढे केला. बुधीने त्या हाताकडे पाहिलं आणि डोक्यावरचं गाठोडं उतरवून त्यात ठेवलं. मग ती बाजूला सरकली आणि जगनचा हात धरून वर चढली.